इंचाचे पाने

रमजान पिंजारीच्या गॅरेजात पेट्या दोन.
लाल पेटीत इंचाचे पाने,
निळीत मिलिमीटरचे.
मी चौदा वर्षांचा, पारोळा रोडला नवा,
पहिल्याच आठवड्यात तेराचा पाना
अर्ध्या इंची बोल्टाला लावला, जोर केला,
सहाही कोपरे गुळगुळीत.
चाचा ओरडला नाही. डोळ्यासमोर दोन बोटं धरली,
मधे केसाएवढी फट:
"आठे देश बदली जास, भो."

तो बोल्ट शेवरोलेचा होता.
जिनवाल्या छबिलदास शेठची गाडी,
मागं माशाचे पंख, रंग पिस्त्याचा,
दार लावलं की तिजोरी बंद झाल्याचा आवाज.
बॉनेटखाली एवढी जागा
की चाचा इंजिनाशेजारी पाय सोडून बसायचा
आणि तिथंच कळण्याची भाकरी खायचा.

दुसरी रावेरहून यायची,
केळीच्या पैशातली काळी मर्सिडीज, डिगंबर चौधरींची.
आत हात शिरेना कुणाचा.
माझा शिरायचा. म्हणून तर मला ठेवलेलं,
महिना साठ रुपये आणि चहा.
अंधारात चाचपत शिकलो:
तिथं एकही स्क्रू उगाच नव्हता,
एकही सैल नव्हता,
आणि एकही मला ओळख देत नव्हता.

पैज वैशाखात लागली. लळिंगचा घाट, भर दुपारी.
चढावर शेवरोले उकळली, किटलीसारखी शिटी.
चाचानं माठ ओतला, फुटल्या पाइपला
डोक्याचा रुमाल बांधला,
निघाली बाई लंगडत, हसत.
मर्सिडीज तोवर वर पोचून गार झालेली.
उताराचं तर विचारू नका.
शेठच्या चाकांतून धूर,
शेठ कुलदेवीचं नाव घेत सुटलेले,
आणि चौधरी पायाच्या अंगठ्यावर
अख्खी गाडी तोलून खाली आणत होते.
पाचशे रुपये मोजून दिले शेठनी.

निकाल लागला असं मला वाटलं.
पोळ्याच्या सुमाराला मर्सिडीज थांबली
एका रबरी वायसरपायी,
करंगळीत घालावं एवढं.
मुंबईला पत्र, मुंबईहून जर्मनीला.
चाचानं ट्यूब कापून बनवलं, गाडीनं थुंकून टाकलं.
चामड्याचं बनवलं, तेही.
अकरा महिने उभी. खाली कोंबडी अंडी घालायची.
इकडे शेवरोले ट्रॅक्टरच्या पट्ट्यावर
वराती नेत होती,
दर वरातीत एकदा बंद पडून.

"मंग चांगली कोनती, चाचा?"
तो निळी पेटी पुसत होता.
"जी बिघडस नई, ती चांगली शे."
मग बऱ्याच वेळानं, फडकं झटकत,
"भाकर मातर दुसरीनी दिधी."

आता चाचा नाही. गाड्या आपलं दुखणं
आपणच छापून देतात.
लाल पेटीतला अर्ध्या इंचाचा पाना
मी कूलरच्या पायाखाली सारलाय, डुगडुगू नये म्हणून.

परवा पुण्याहून एक पोरगा आला.
बंद जिनमधे, सरकीच्या धुळीखाली
पिस्त्याचा रंग त्यानं शोधून काढला.
सगळं खोलून नवं करायचं म्हणतो.
एक बोल्ट काही केल्या निघेना.
कुण्या गाढवानं गोल केलाय बघा, म्हणाला.
मी वाकून पाहिलं.
केसाएवढी फट.
"असंल कुनी," म्हटलं,
आणि छिन्नी शोधायला गेलो.