बावीस शनिवार

सान्तियागो ते ऑकलंड, नऊ हजार सहाशे आणि वर काही किलोमीटर.
आई आकड्याला विचारत नसे.
शाळेने टाकून दिलेला पृथ्वीचा गोल होता घरात,
त्यावर ती लोकरीचा धागा ताणायची
इथून तिथे.
मधोमध धरला तर ठरत नसे, घसरायचा,
पार दक्षिणेच्या बर्फापाशी जाऊन गप्प व्हायचा.
भिंतीवरच्या नकाशात मात्र निळ्यातून सरळ आडवी रेघ.
"तो कागद," आई म्हणायची. "लोकरीला ओढ कळते."

बाबा, फ्रोइलान बार्रिया, मेंढ्या भादरायचा.
नातालेसला बर्फ पडला की निघायचा
तिकडच्या गाभण मेंढ्यांकडे.
तिकिटावर तेरा तास.
पुन्ता अरेनासची बस, तिथून सान्तियागो,
बाकावर कातरीची पिशवी उशाला घेऊन काढलेली रात्र,
हे तिकिटाच्या गावी नसे.
आणि येताना अकराच.
"जाताना घर मागं ओढतं," आई.
"वारा असतो गं, पश्चिमेचा," बाबा,
बूट काढता काढता.

शुक्रवारी रात्री उडायचा, रविवारी पहाटे उतरायचा.
मधला शनिवार नाही.
समुद्रात कुठे एक रेघ आहे म्हणे, तिने घेतला.
आईने पिठाच्या डब्यामागच्या वहीत लिहिलं:
येणे, एक शनिवार.
पुढच्या वर्षी दोन.
असे बावीस.

"फिटतं की," बाबा सांगायचा,
"येताना रविवारी संध्याकाळी सहाला निघतो
आणि त्याच रविवारी दुपारी एकला पोचतो."
"तो तू विमानतळावर खर्चलास.
माझ्या हाती आले मळके कपडे."

आता बाबाची कंबर गेलीय.
मी इकडे, गोरला. मला मुलगी झाली
आणि आई निघाली, एकाहत्तराव्या वर्षी, पहिल्यांदाच.
ऑकलंडला काचेच्या दाराशी मी तासभर उभी.
तिचा लोकरीचा गुंडा
अधिकाऱ्याने तीनदा उलटापालटा केला होता.

"झोपली नाहीस?"
"खिडकी मागून घेतली होती.
त्याचे बावीस जिथे गेले, तिथूनच जायचं होतं ना."
"मग? दिसला?"
तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
"काळोख गं. खाली एकच दिवा, बोटीचा असेल.
कपाळ टेकेपर्यंत मागे पडला."

गाडीत बसून घरी फोन लावला.
मागे कुत्री भुंकत होती,
बाबा बटाटे सोलत होता.
"पोचलीस? इथे शनिवार चाललाय," तो म्हणाला,
"दुपारचे तीन."

आई बराच वेळ बाहेरच्या दिव्यांकडे बघत राहिली.
"म्हणजे ते सगळे," ती म्हणाली,
"माझ्याकडेच होते."

वहीतलं खोडायचं का,
हे तिने अजून ठरवलेलं नाही.