फॉर

उदगीरला, डाळमिलच्या वरच्या खोलीत
संध्याकाळी सातच्या बॅचला
मी एक क्रियापद शिकवतो.
लीव्ह.
खालून तुरीचा भुसा उडत येतो, फळ्यावर बसतो,
मी पुसायच्या आधीच
अक्षरं थोडी पिकलेली दिसतात.

लीव्ह म्हणजे सोडणे.
लीव्ह उदगीर : उदगीर सोडणे.
आता मधे एक फॉर घाला.
लीव्ह फॉर उदगीर : उदगीरला निघणे.
एवढासा शब्द, आणि माणूस वळला.
पाठ होती तिकडं तोंड झालं.

खदीर विचारतो,
पण सर, फॉर घातल्यावर
जे सोडलं ते गाव कुठं गेलं?
सांगायची गरज नाही, मी म्हणतो,
इंग्रजीत झाकून ठेवता येतं.
खदीर खूश होऊन लिहून घेतो.
दर शुक्रवारी तो हैदराबादला निघतो
आणि सोमवारी याच बाकावर असतो.

आपल्याकडं सोडायचं म्हटलं तर
उपास सोडतात, जनावर चरायला सोडतात,
पाहुण्याला स्टँडपर्यंत सोडतात,
हिश्श्याच्या रानावर पाणी सोडतात.
आणि कागदावर उतरलं
की सोडचिठ्ठी.

तिसऱ्या बाकावर दैवशाला मुसळे.
दिवसा मेडिकलमधे
कात्रीनं गोळ्यांची पाकिटं कापून देते.
नर्सिंगचा फॉर्म भरलाय.
गल्लीत तिच्यासाठी एकच वाक्य आहे,
कर्ता नवरा, कर्म ती,
क्रियापद : टाकली.
जरा बरं बोलणारे म्हणतात, सोडली.
मी बरं बोलणाऱ्यांतला.

मंगळवारी गृहपाठ दिला, लीव्हची पाच वाक्यं.
सगळ्यांच्या वहीत सहाची बस सुटली.
हिच्या वहीत, तिसरं :
आय लेफ्ट किनगाव ॲट फोर इन द मॉर्निंग.
काळ बरोबर. क्रम बरोबर.
स्पेलिंगसुद्धा.
आणि मी लाल पेनानं
आय आणि लेफ्टच्या मधे
एक वॉज घातला.
हाताला सवय असते.

तिनं वही परत आणली.
सर, हे चुकलंय.
काय, म्हणेपर्यंत बोट वॉजवर होतं.
चार वाजता जागं कोण होतं सर?
कडी मी काढली.
चपला हातात घेतल्या.
कुत्रं ओळखीचं, भुंकलं नाही.
त्यानं सोडलं ते वकिलाच्या कागदात,
तीन महिन्यांनी.
तोवर मी इथं मेडिकलला लागलेवते.

मी वॉज खोडला.
खोडल्यावर तो जास्तच दिसायला लागला.
सॉरी म्हणायचं होतं,
तर म्हणालो,
लेफ्टचा अजून एक अर्थ आहे, उरलेला,
तो उद्या घेऊ.

खाली मिल बंद झाली होती.
बॅच जिन्यावरून धडधडत उतरली,
कुणीतरी खालूनच ओरडलं,
कुठं निघलालाव सर, का इथंच मुक्काम?
अकरा वर्षं झाली या खोलीत,
मलाही तेच विचारायचंय.

दिवा मालवायच्या आधी
तिची उरलेली दोन वाक्यं तपासली.
चौथ्यात मेडिकलचे मालक लवकर घरी निघतात. बरोबर.
पाचवं :
आय विल लीव्ह फॉर
आणि पुढं एक रेघ, कोरी,
पानाच्या कडेपर्यंत ओढलेली.
नियमानं तिथं गोळा करायला हवा, गावाचं नाव राहिलंय.

मी पेनाला टोपण लावलं.