दोन फवारे

एक मनगटावर, एक कानामागे.
तिसरा मारायचा नाही, येर्काने बजावलंय,
कारण किती झालं ते मला कळत नाही.

तापातून उठले त्याला चौदा महिने झाले.
भूक आली, आवाज आला, गळालेले केसही आले,
नाक तेवढं आलं नाही.
म्हणजे आहे, जागच्या जागी,
चष्मा टेकवण्यापुरतं.
कॉफी कडू आणि गरम. बस्स.
मासळीबाजारातून मी आता नाकासमोर चालत जाते.

बाटली गुलाबी, झाकण पेअरच्या आकाराचं.
भाच्याने इकिकेहून आणली, करमुक्त दुकानातून.
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
येर्काने टेबलाखालून त्याला लाथ मारली तोवर
मी झाकण काढून नाकाशी नेलं होतं
आणि म्हणाले होते, अहाहा.

खोक्यावरचं पाठ केलंय:
आधी पेअर, पीच, रासबेरी.
मग पिओनी. मग फ्रीजिया.
शेवटी व्हॅनिला, पांढरी कस्तुरी.
पिओनी मी कधी पाहिलीसुद्धा नाही,
पण ती अकराच्या सुमारास येते.

कसं कळतं, सांगते.
आमच्या वाल्पाराइसोला टेकडी चढणारे लाकडी डबे आहेत,
तारेवर कुरकुरत वर ओढले जातात.
त्यातल्या एकाच्या तिकीटखिडकीत मी बसते.
नाणी घेते, फिरतं दार सोडते.
खिडकीला हात जाईल एवढीच फट,
आणि प्रत्येक नाण्यासाठी माझं मनगट बाहेर जातं.

सव्वासातला शाळेची पोरं.
"टिया नोल्फा, आज जेली खाल्लीत?"
म्हणजे फळं लागलीयत. ठीक.
अकराला दोन्या एदेल्मिरा, काखेत पाव,
काचेशी थबकते, म्हणत काही नाही,
नवऱ्याच्या कबरीवरची फुलं बदलायची राहिली
असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावरून जातं.
म्हणजे पिओनी.
चारला एलेउतेरिओ,
बंदरातली चाळीस वर्षं गुडघ्यांत घेऊन:
"पोरी, कुणाचं तरी कस्टर्ड उतू गेलंय."
व्हॅनिला. सुटायला दोन तास.

असा मी सेंट लावते, दुसऱ्यांच्या तोंडांनी.
एकदा एका बाईने डब्यातून मान वळवून पाहिलं.
डबा निघाला होता,
ती माझ्या दिशेला काहीतरी शोधत होती,
आणि मला वाटलं, बघ, मीच चाललेय ती वर,
तिच्या गळपट्ट्यात बसून,
तिकीट न काढता.

गेल्या गुरुवारी धुकं होतं, गिऱ्हाईक नव्हतं.
गालाखाली हात घेऊन बसले होते
आणि रबर जळलं.
उठून तारा बघितल्या, चाक बघितलं, हीटर बघितला.
यंत्रावरच्या रिगोबेर्तोला ओरडून विचारलं.
तो म्हणाला, कसलं रबर?
परत बसले. गालाखाली हात. परत रबर.
हात लांब केला: गेलं.
जवळ: रबर.
लांब. जवळ.

पेअर, पीच, रासबेरी, ती न पाहिलेली पिओनी,
सगळं मिळून एक जळकं टायर,
संपाच्या दिवशी चौकात पेटवतात तसलं.
रिगोबेर्तो धावत आला तेव्हा मी
मनगटात तोंड खुपसून हसत होते,
डोळ्यांतून पाणी, नाकातूनही.
त्याला वाटलं, स्वतःला चावतेय.

येर्काला अजून सांगितलं नाही.
डॉक्टर म्हणतील, चांगली खूण असेल, नसेलही.
शुक्रवारी सकाळी आरशासमोर
एक मनगटावर, एक कानामागे,
आणि मग, गपचूप, गळ्याच्या खळगीत तिसरा.
पायऱ्या उतरताना माझ्यासोबत टायर जळत होतं.

सव्वासातला पोरांनी नाकं धरली.
"टिया!"
मी फटीतून वाकून विचारलं,
काय रे, कसला येतोय?
सांगा ना. नीट सांगा. एकेकाने.