कॅमेरा सोडून बाकी सगळं

हा फोन कंपनीनं तीन वर्षांमागं सोडून दिला.
फोन ठणठणीत. खरं त्याच्याकडं आता
आम्ही बघणार नाही, असं एका ओळीत कळवलं, इंग्रजीत.
मेव्हण्याच्या खिडकीत तो मनीप्लांटच्या बाटलीला
टेकू म्हणून उभा होता.
मी मागून घेतला.

उद्यमबागेतली दुसरी पाळी सुटते,
वडगावात पोचेस्तोवर साडेअकरा.
बोटांना कटिंग ऑइलचा वास, साबणाला न जुमानणारा.
झाकून ठेवलेलं जेवतो.
मग कुंद्याचा रिकामा डबा उघडतो:
स्क्रू, चिमटे, उंदरानं चाखलेली केबल,
आणि कागदात बांधलेली एक बारकी स्प्रिंग,
कुठल्या यंत्रातून उडाली ते अजून कळलेलं नाही.
शेजारी माग थांबलेले असतात.
दिवसभर खडखडणारी भिंत
रात्री नुसती भिंत होते.

कुणीतरी आहे, कुठल्या देशातला माहीत नाही,
त्यानं या सोडलेल्या फोनसाठी
सगळं नव्यानं लिहून काढलं, फुकट,
आणि खाली दोन वाक्यं टाकली:
माझ्याकडं चाललं.
तुमचं तुम्ही बघा.

मी बघायला गेलो आणि फोन मेला.
म्हणजे पुरता नाही. कंपनीचं चिन्ह उगवायचं,
मावळायचं, परत उगवायचं.
चौदापर्यंत मोजलं.
सुगंधा कूस बदलत म्हणाली,
‘झोपा आता. मेलेलं उद्या पण मेलेलंच असतंय की.’

सुट्टीदिवशी इराण्णा हुक्केरी आला,
शहापुरात टीव्ही दुरुस्त करतो तो.
त्याचं कन्नड, माझं मराठी, मध्ये तापलेली सोल्डरिंग.
पाठ उघडली. नखाएवढ्या दोन टिकल्या,
चिमट्यानं जोडायच्या, तो म्हणेल त्याच क्षणी.
ओंदु.
एरडु.
आणि हेस्कॉमनं लाइट घालवली.

लॅपटॉपची बॅटरी फुगली म्हणून मीच काढून टाकलेली.
दोन तास कट्ट्यावर बसलो.
इराण्णानं त्याच्या साडूच्या खटल्याचं सांगितलं,
मला निम्मं कळलं, त्याला ठाऊक होतं निम्मं कळतंय ते,
तरी सगळं सांगितलं.

लाइट आली.
ओंदु, एरडु, मूरु.
काळ्यावर पांढऱ्या ओळी सरपटत वर गेल्या,
कारखान्यात बारीक चुरा उडतो तशा,
आणि पडदा उजळून विचारता झाला: भाषा?
यादीत दोघांच्याही होत्या, दोन्ही अर्ध्याकच्च्या.
‘कुठली घालू?’
‘यावदरे हाको मारायाऽ, मदल वायफाय नोडु.’
वायफाय लागलं.

पुढं मी मेनूतून फिरत बसलो, नव्या घरात फिरावं तसा.
एके जागी लिहिलेलं: पडदा निष्क्रियता कालावधी.
दोनदा वाचलं.
ते खोडून मी लिहिलं: पडदा कधी विझवू?
पाठवून दिलं.
नऊ दिवसांनी कुणीतरी ते घेतलं, काही न विचारता.
आता कुठल्याशा खिशात, कुठल्याशा उशाशी
माझं वाक्य हा प्रश्न विचारत असणार.
दहावीनंतर मी लिहिलेलं, कुणी ठेवून घेतलेलं,
एवढंच एक.

कॅमेरा अजून चालत नाही.
म्हणजे चालतो, खरं सगळं हिरवं दिसतं.
पहिला फोटो काढला तो तसाच आहे:
हिरवा इराण्णा, हिरवा डबा, दारात हिरवी सुगंधा,
हातात हिरव्या दोन कपांचं ताट,
कपाळाला आठी.
ती म्हणते, पुसून टाका तो.

मी त्या माणसाला कळवलंय.
त्याचं उत्तर आलं: माझ्याकडं पण हिरवंच.
स्प्रिंग परत कागदात बांधून ठेवली.