शंभरला एकशेसात

बिदियात, हायवेच्या कडेला, हवा सोडणाऱ्यांच्या रांगेत
सुवैदचं दुकान शेवटचं. पुढे डांबर संपतं
आणि वाळू कुणाला विचारून सुरू होत नाही.

शुक्रवारची नमाज उरकून तो येईपर्यंत
मी भिंतीला टेकलेले टायर वाचत बसलो.
हो, वाचत. दोनशे पंच्याऐंशी, पंच्याहत्तर, सोळा:
रुंदी मिलिमीटरात, उंची टक्क्यांत, रिम इंचांत.
तिन्ही मापं एकाच श्वासात.
आमच्या घरीही असंच. आई पायलीत बोलायची,
आण्णा मीटरात, मी आता रियाल-बैशांत.

कडेला बारीक चार आकडे: एकतीस, बावीस.
बाविसाव्या सालातला एकतिसावा आठवडा.
एक फेराही न मारता जुना झालेला टायर.
"हा नको," म्हटलं.
सुवैद हसला, "सगळा वेळ सावलीतच होता, धनपाल."
मी म्हटलं, मीही एसीतच असतो.

बिजुमोन म्हणतो, सरळ पस्तीस इंची घे,
लोक वळून बघतील.
त्याला वळून बघणारे लोक हवे असतात.
मला कॅम्पवरचे जनरेटर गाठायचे असतात,
आणि मधे ती लाल चढण,
जिथं गेल्या महिन्यात गाडी पोटावर बसली.
चाकं फिरत होती. फिरतच होती.

मोफज्जलनं फरशीवर खडूनं हिशेब मांडला:
टायर दोन इंच वाढतो, गाडी एकच इंच उचलते.
दुसरा इंच वर जातो, मडगार्डच्या पोटात,
आणि वळताना घासतो.
स्टीअरिंग पूर्ण डावीकडे कापायला लावलं,
कान लावला, म्हणाला, "बोलतंय."
मग हीट गननं प्लास्टिक मऊ करून आत ढकललं,
भाकरीची कड फडक्यानं दाबावी तसं.
"आता गप्प."

उठता उठता त्यानं काट्याचं सांगितलं.
चाक मोठं झालेलं गाडीला कळत नाही.
ती जुन्याच चाकाचे फेरे मोजत राहते.
काटा शंभर म्हणेल तेव्हा तू एकशेसातवर,
आणि शंभर किलोमीटरची नोंद होईल
तेव्हा एकशेसात कापून झालेले.
रडारला तुझा काटा दिसत नाही, तेवढं ध्यानात ठेव.

हे मला ठाऊक असायला हवं होतं.
आण्णा इचलकरंजीत जॉबर, चोवीस माग त्यांच्याकडे.
चेंजव्हीलचा एक दात इकडचा तिकडे झाला
की पोत विरळ. मीटर भरतात, ताग्यावर शिक्का बसतो,
आणि उन्हाला धरल्याशिवाय काही दिसत नाही.
आई धरायची. काही बोलायची नाही,
घडी घालून ठेवायची.

चौदा वर्षं, कुणी विचारलं की मी सांगतो.
खडू घेऊन तिथंच गुणलं.
पंधरा, आणि वर थोडी धूळ.
मोफज्जलची नऊ झाली आहेत.
तीही गुणून देतो म्हटलं,
त्यानं खडू काढून घेतला, खिशात टाकला.

स्टेपनी बदलली नाही.
पाचव्याचे अठ्ठेचाळीस रियाल,
शिवाय मागच्या दाराची बिजागरी आधीच कुरकुरते.
"पंक्चर झालं तर एक पाय आखूड पडेल गाडीचा,"
सुवैद म्हणाला. बरोबरच म्हणाला.
पण एक तरी चाक जुन्या मापाचं
बरोबर असू दे असं वाटलं,
आणि ते कुणाला पटवून देण्यासारखं नव्हतं.

इब्राच्या वाटेवर ऊन कलताना त्रिशलाचा फोन,
स्पीकरवर, मागे कुकरची शिट्टी.
"पोचलासा काय?"
काटा ऐंशीवर स्थिर होता.
खांब त्याहून जरा घाईनं मागे जात होते.
"पोचतोय," म्हटलं,
आणि पाय थोडा उचलला.