तेहतिसावी

पहाटे साडेपाचला लुआंडाचं विमान लिस्बनला टेकतं
आणि सहाच्या आत त्याची उष्टी भांडी आमच्या दारात.
ट्रॉली उघडली की आधी वास येतो:
शिळी वाइन, लोणी,
कापडी नॅपकिनात अजून जागं असलेलं कुणाचं तरी अत्तर.

बिझनेस क्लासचे चेहरे मी पाहिलेले नाहीत. मला पेले दिसतात.
शॅम्पेनचा उंच पेला, जेमतेम ओठ लागलेला:
पहिल्यांदाच पुढे बसलेला कुणीतरी,
नको म्हणायला लाजला असेल.
पोर्ट वाइनचा इवलासा पेला, आतून तीन लाल वर्तुळं,
थांबत थांबत प्यायलेला.
टोमॅटोचा रस. वर सगळे मागतात,
खाली उतरल्यावर त्याचं नावही काढत नाहीत.
एकदा कॉफीच्या कपात कवळी निघाली, वरची, अख्खी.
सेन्योर वेनान्सियुंनी ती पाकिटात घालून वर लिहिलं:
आसन चार-के. हसण्यासाठी आवश्यक.

काच धुणं सोपं.
लिपस्टिक तेवढी यंत्राला दाद देत नाही,
तिला अंगठाच लागतो.

मग मिठाच्या कुप्या.
चिनीमातीच्या, करंगळीएवढ्या, पोटाला निळी रेघ.
बत्तीस जातात. एकोणतीस येतात, कधी सत्तावीस.
मिरपूड सहसा घरी येते. पळवलं जातं ते मीठच.
वहीत आम्ही लिहितो: फुटल्या.
हजारो युरोंचं तिकीट काढणारी माणसं
खिशात चिमूटभर मीठ घालून उतरतात
आणि त्यांची अब्रू आम्ही झाकतो,
ताशी पगारावर.

उरलेलं मीठ मोरीत ओतायचं. रोज. तसा नियमच आहे.

माझ्या बेटाचं नावच मीठ. साल.
विझलेल्या ज्वालामुखीच्या पोटात मिठागर,
तिथे बाप फावड्यानं मीठ ओढायचा.
ते त्याच्या टाचांच्या भेगांत शिरायचं.
रात्री आई त्याचे पाय गोड्या पाण्यात बुडवून ठेवायची,
आणि गोडं पाणी आम्ही विकत घ्यायचो.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
ओढलेल्या मिठाला कोण जागलं?
कंपनी गेली, टोपल्या वाहणाऱ्या तारा उघड्यावर गंजल्या.
आता तिथे पर्यटक पैसे देऊन तरंगतात.

गेल्या गुरुवारी बॉस्टनच्या ट्रॉलीतून
तेहतीस आल्या.
मी तीनदा मोजल्या.
एक बुटकी, जाड, पोटावर जुनं बोधचिन्ह,
मी इथे लागायच्याही आधीचं. तळाला टवका.
आणि आत, मिठात, तांदळाचे सहा दाणे.

म्हणजे नांदून आलेली.
कुठल्यातरी दमट स्वयंपाकघरात, खिडकीजवळ,
कुणीतरी मीठ सुटं राहावं म्हणून काळजी घेतलेली.
चिठ्ठी नव्हती. मी नॅपकिन झटकून पाहिला.

सेन्योर वेनान्सियु वही उघडून बसले.
रकाने दोनच: गेल्या, फुटल्या.
"परत आली, हे कुठे लिहू, देओलिंदा?"
"लिहा, जन्मली," मी म्हणाले.
ते हसले नाहीत. बराच वेळ पेनाचं टोपण चावत राहिले.
मग म्हणाले, टाकून दे,
टवका गेलेलं काही विमानात चढत नाही.

त्या दिवशी वहीत बत्तीस.

दुपारी घरी कालची कचूपा तव्यावर परतली,
वर एक अंडं फोडलं.
कुपी उपडी केली. काही येईना.
तळहातावर आपटली. तरी नाही.
मग शिवणाच्या डब्यातली सुई आणून
छिद्रात अडकलेला दाणा आत ढकलला.

आलं.
खारट होतं.
दुसरं काय असणार.