सतरा रुपये

गाडी विकून एकवीस दिवस झाले
आणि कंपनी म्हणते, गाडी तुमचीच.

शाहूपुरी, चौथी गल्ली, दुसरा मजला.
दारावर लिहिलंय ढकला, ते ओढलं की उघडतं.
आत हुक्केरी नावाचा पोरगा, गळ्यात पट्टा.
"मगदूम बाई, अशी रद्द होत न्हाई पॉलिसी.
गाडी हाय तवर विमा हाय."
आहे ना रे बाबा गाडी. संकेश्वरात आहे,
बसगोंडा नेर्लीच्या दारात.
त्यानं आपला नवा विमा काढलाय, ही घे झेरॉक्स.
"ओरिजिनल?"

बत्तीस वर्षं मार्केट यार्डात
गुळाच्या अडतीवर वह्या लिहिल्या मी.
रवा तोलायचा, कडता वजा,
हमाली वेगळी, तोलाई वेगळी,
आणि ज्याचा गूळ त्याच्या हातात संध्याकाळी पट्टी.
पट्टीवर असा एक आकडा लिहिला नाही
जो विचारल्यावर सांगता आला नसता.

प्रीमियम सहा हजार दोनशे पाच.
भागिले तीनशे पासष्ट.
सतरा. बाकी शून्य.
मी दोनदा करून बघितलं, इतकं सरळ कधी सुटत नाही.
वापरले एकशे एकतीस दिवस,
उरले दोनशे चौतीस.

पहिलं पत्र आलं: काहीही देय नाही.
दुसरं: तीस टक्के, विचाराधीन.
तिसरं: प्रिय ग्राहक, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.
फोन लावला की बासरी वाजते,
बासरी संपली की नोएडाची एक मुलगी
"मॅडम, सिस्टीम में नहीं दिख रहा."
मला दिसतंय, म्हटलं. माझ्या वहीत दिसतंय.
पुन्हा बासरी.

मग खरेदीदाराचं पत्र पाहिजे झालं.
म्हणून सीबीएसवरून एसटी, संकेश्वर,
बसगोंडाच्या आईनं दिलेला उप्पीट,
आणि दारात माझी पांढरी मारुती,
नंबर अजून जुनाच, पुढं लिंबू-मिरची नवीन.
मी लांबूनच बघितली.
बसगोंडानं कागदभर लिहून दिलं, सही ठोकली.
सगळं कन्नडात.

आता हा पोरगा म्हणणार, भाषांतर आणा, नोटरी आणा.
हुक्केरीनं कागद धरला,
इकडं तिकडं बघितलं,
आणि ओठांतल्या ओठांत वाचायला लागला,
घरात आईशी बोलत असेल तसा.
"लिवलंय, गाडी घेतली, पैसे पोचले, विमा माझा मी काढला."
थांबला.
"खाली अजून एक ओळ हाय.
डिकीतला गुळाचा वास अजून जाईना, ताईंना सांगा."
ती ओळ त्यानं कंपनीला पाठवली की नाही
मला माहीत नाही.

पैसे आले. तीन हजार नऊशे एकसष्ट.
यायला पाहिजेत तीन हजार नऊशे अठ्ठ्याहत्तर.
सतरा कमी. एक दिवस खाल्ला.
फोन. बासरी. "मॅडम, बिक्री का दिन आपके खाते में गिना है."
माझ्या खात्यात का?
साडेदहाला चावी दिली होती मी, साक्षीदार आहेत!
अहो, एसटीलाच ह्याच्या कितीतरी पट गेले, भाचा म्हणाला,
सतरा रुपयांत काय येतंय आता?
प्रश्न काय येतंय हा नाही, म्हटलं,
आणि वहीत लिहिलं:
कंपनीकडून येणे, रु. १७.

रात्री गुडघ्याची गोळी घेताना आठवलं.

त्या दिवशी सहाच्या आत उठून
गुडघ्याला पट्टा आवळून
गाडी काढली होती मी.
सत्तेचाळिसाव्या वर्षी शेंडा पार्कात शिकले होते ती गाडी,
क्लच दाबला की आता वरपर्यंत कळ जायची.
काच खाली, दुसरा गिअर,
रंकाळ्याच्या कडेकडेनं शालिनी पॅलेसपर्यंत.
तिथं बंद करून बसले थोडा वेळ.
मग आले, धुतली, फडकं वाळत घातलं,
आणि साडेदहाची वाट बघत राहिले.
कुणाला बोलले नाही.

उठले, दिवा लावला,
वही काढून ती ओळ खोडली.
खाडाखोड केली की बाजूला सही करायची असते,
ती केली.